चार न्यूट्रॉन जास्त

पाणी पिऊन उषानं ग्लास ओट्यावर ठेवला आणि ती हॉलमध्ये आली. पंखा लावायला वळली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तिला सासूबाई दिसल्या. त्यांनी तो ग्लास सांडशीत धरला होता आणि गॅसच्या ज्योतीवर त्या तो फिरवत होत्या. आधी तळ, मग कड, मग आडवा करून आतली बाजू. घाई नव्हती, चोरटेपणाही नव्हता. पोळी फुगली की नाही हे बघावं तितक्या सवयीनं त्या बघत होत्या. ग्लास पुरेसा तापल्यावर त्यांनी तो नळाखाली धरला. चर्र झालं, वाफ उठली. मग तो इतर भांड्यांत पालथा घालून त्या कोथिंबीर निवडायला बसल्या.

उषाचं बोट पंख्याच्या बटणावर तसंच राहिलं. आज सकाळीच ती आणि जयसिंग पुण्याला हॉस्पिटलात जाऊन आले होते. गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली, थायरॉइडची ग्रंथी काढून टाकली, आणि मागे राहिलेला अंश संपवायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली; या सगळ्यात २००७चा अख्खा पावसाळा गेला होता. शिशाच्या जाड डबीतून आलेली ती गोळी गिळल्यावर तिला एका बंद खोलीत एकटीला ठेवलं होतं. नर्स दारातून ताट आत सरकवायची आणि मागे व्हायची. घरी आल्यावरही काही दिवस पथ्य होतं: मागची खोली वेगळी, संडास वेगळा, भांडी वेगळी घासायची, चार वर्षांच्या जुईलीला जवळ घ्यायचं नाही. आज हॉस्पिटलातल्या त्या पोरगेल्या शास्त्रज्ञानं यंत्र तिच्या गळ्यासमोर धरलं, काटा पाहिला आणि हसून म्हणाला, "मॅडम, झालं. आता घरी सगळं नेहमीसारखं. मुलीला हवं तेवढं जवळ घ्या." जयसिंगनं गाडीत बसण्याआधीच घरी फोन करून आईला हे सांगितलं होतं. मारुंजीतल्या घरी पोचेपर्यंत उषा खिडकीबाहेर बघत होती आणि हिंजवडीच्या चौकातली ती कायमची कोंडी, उलट्या दिशेनं घुसणारे टेम्पो, सगळं तिला लोभस वाटत होतं. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मांडणीवरचा कुठलाही एक ग्लास घेतला आणि पाणी प्यायली.

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आई, ग्लास का तापवलात?"

सासूबाई दचकल्या नाहीत. "काय न्हाई गं. शेकून घेतला जरा."

"डॉक्टरांनी नुसतं साबणानं धुवायला सांगितलं होतं. आणि आता तेही नको म्हणालेत."

"व्हय, जयसिंग म्हणाला की." त्यांनी कोथिंबिरीची मुळं खुडून बाजूला टाकली. "पर शेकल्याबिगर मला बरं वाटत न्हाई. आमच्यात तसंच करत्यात."

आमच्यात. उषा सोफ्यावर येऊन बसली. तिनं सासूबाईंची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, कारण ती न्यायानं वागणारी बाई होती, निदान स्वतःला तसं समजत होती. म्हातारीला वाटलं असेल, तापवलं की जंतू मरतात तसं हेही मरत असेल. तिला कोण सांगणार की हे मरणारं नाही. पिरंगुटच्या ज्युनिअर कॉलेजात उषा दर वर्षी अकरावीला अणूची रचना शिकवायची, तेव्हा फळ्यावर केंद्रकाचा ठिपका काढून ती मुलांना म्हणायची, की हा ठिपका एवढा धरला तर इलेक्ट्रॉन आपल्या कॉलेजच्या कुंपणापलीकडे, घोटवडे फाट्यावर कुठेतरी. जळणं, गंजणं, शिजणं, विरघळणं, सगळी उलथापालथ तिकडे फाट्यावर. आत ठिपक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि आयोडीन किरण टाकतं ते ठिपक्यातून. मिठातल्या आयोडीनच्या केंद्रकात त्रेपन्न प्रोटॉन, तिनं गिळलेल्यातही त्रेपन्नच. फक्त न्यूट्रॉन चार जास्त. तेवढ्यानं ते अस्थिर. ते आपल्या मुदतीनं, आठ-आठ दिवसांनी निम्मं निम्मं होत, आपलं आपणच विझणार. आगीनं फार तर त्याची वाफ होईल आणि ते हवेत जाईल, पण हवेतही ते तसंच किरण टाकत राहील. आग केंद्रकापर्यंत पोचत नाही. मग सासूबाई आगीनं जे काढत होत्या ते काय होतं?

ती पुन्हा उठली आणि सासूबाई देवापाशी दिवा लावायला गेल्यावर मांडणीपाशी उभी राहिली. स्टीलच्या ग्लासांच्या कडेला सोनेरी, जांभळट, निळसर झाक होती. तेलाचा तवंग पाण्यावर पसरावा तशी. ती झाक तिनं आधीही पाहिली होती, कितीदा तरी, आणि कुणीतरी चुकून ग्लास गॅसजवळ ठेवला असेल म्हणून सोडून दिलं होतं. स्टील पुन्हा पुन्हा तापलं की वर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, त्याची जाडी वाढेल तसा रंग बदलतो, हे तिनं स्वतः वर्गात सांगितलं होतं. असा निळा रंग एका आजारपणात येत नाही. तिनं एकेक ग्लास उचलून उजेडाकडे धरला. सगळ्या ग्लासांना होता. ती जो हाताला येईल तो घ्यायची, म्हणून सगळ्यांना. सासूबाईंचा पितळी तांब्या-भांडं तेवढं वेगळं होतं, चिंचेनं घासलेलं, लख्ख.

तेवढ्यात जुईली खालून खेळून आली. मागच्या खोलीच्या दारात जमिनीवर एक लांबट फरशी होती. तिच्या अलीकडे थांबायचं असं तिला या दिवसांत शिकवलं होतं. उषा तिथे जाऊन बसली आणि तिनं हात पसरले. "ये, आता चालतं. डॉक्टरकाका म्हणाले." जुईली फरशीच्या कडेला बोटं टेकवून उभी राहिली. तिनं आईकडे बघितलंच नाही. तिनं मान वळवून आजीकडे बघितलं. सासूबाई देवाजवळून म्हणाल्या, "जा, जा बाळ." मग ती आली. गळ्यात पडली, केस ओढले, गळ्यावरच्या नव्या व्रणाला बोट लावून "दुखतं?" म्हणाली. उषानं तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. या परवानगीसाठी आपण हॉस्पिटलात गेलो होतो, असं उषाच्या मनात आलं, आणि ती परवानगी इथे देवापुढे बसलेली होती.

माहेरी, भऱ्याच्या शाळेत असताना तिला विज्ञानाचं वेड लागलं ते एका शब्दामुळे. समस्थानिक. गुरुजींनी फोड करून सांगितली होती: सम स्थान, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच घरात बसणारे. वजन वेगळं असू दे, नाव तेच, घर तेच, कारण नाव प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं आणि दुसऱ्या कशावरून नाही. बौद्धवस्तीतल्या त्या मुलीला हे ऐकून अंगावर काटा आला होता. असंही एक जग आहे, आत एक आकडा असतो, कुणीही मोजावा, कितीदाही मोजावा, तोच येतो; कुणी आडनाव विचारून तो बदलू शकत नाही. ती त्या जगात शिरली आणि तिथेच राहायला लागली. एम.एस्सी. केलं. शिकवणीच्या क्लासमध्ये कऱ्हाडकडचा जयसिंग भेटला, गणित शिकवणारा, पुढे हिंजवडीत कंपनीत लागलेला. त्याच्या घरून लग्नाला कुणी आलं नाही, आणि जुईली झाली तेव्हा सासूबाई पत्र्याची ट्रंक घेऊन आपणहून आल्या आणि राहिल्या. उषानं तेव्हा मनात हिशेब मिटवून टाकला. माणसं बदलतात, असं तिनं आपल्या आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं.

आता ती मागे मागे जाऊ लागली, आणि जिथे हात लावावा तिथे काहीतरी लागत होतं. "सकाळी तू कालेजला जातीस, दमतीस, सैपाक माझ्याकडं," असं सासूबाई आल्या त्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. तिला ती माया वाटली होती. रविवारी ती हौसेनं करायची, तेव्हा त्यांना नेमकं पित्त झालेलं असायचं. गौरीला तिनं पुरणपोळ्या केल्या, तेव्हा त्या मंडळाच्या महाप्रसादाला गेल्या आणि जेवून आल्या. आजारी पडल्या तेव्हा तिनं पेज केली. ती टेबलावर गार झाली आणि त्यांनी दुकानातली बिस्किटं मागवली. चार वर्षांत एकदा तरी, एक घास तरी? ती कपाळावर हात दाबून आठवत राहिली. सापडेना. आणि त्याच बाईनं बाळंतपणात रोज तिची पाठ तेलानं चोळली होती, अंगठ्यानं मणका न् मणका मोकळा केला होता. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरजवळ हुंदके देऊन रडली होती. तिच्या अंगाला हात लावायला त्यांना कधी काही वाटलं नाही. तिच्या हाताचं पोटात जायला नको होतं. उषाला वाटलं, साधा द्वेष असता तर बरं झालं असतं. द्वेषाला कुठेतरी कड असते, तिथून तो उचलून फेकता येतो.

जयसिंगला तिनं गच्चीवर नेलं. सोसायटीच्या टाक्यांमध्ये वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. खालच्या दुकानांपुढे संध्याकाळची बाइकची गर्दी झाली होती. तिनं ग्लासाचं सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य येईना. ते आलं असतं तर तिनं उरलेलं सगळं सोडून दिलं असतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"उषा, शी इज ओल्ड. तिचं सगळं आयुष्य गावात गेलंय. ती तुझ्यावर किती प्रेम करते, तू बघतेस ना? बाकी सगळं ठीक आहे. हे एवढंच एक आहे."

"एवढंच?"

"ती यायला तयारच नव्हती. मीच तिला म्हटलं, किचन तू सांभाळ, म्हणजे विषयच निघणार नाही. जुईलीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, तुझी नोकरी राहायला हवी होती. मी तुझ्यासाठीच केलं." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय. तू समजून घेतेस."

"मी समजून घेत नव्हते, जयसिंग. मला समजलंच नव्हतं."

तो खरोखर मनापासून, एखादी अडचण सुटल्यासारखा म्हणाला, "आपण एक स्वयंपाकाची बाई लावू. दोघींनीही करायला नको. म्हणजे प्रॉब्लेमच मिटला." उषा त्याच्याकडे बघत राहिली. तो चांगला माणूस होता. तिच्या हातचं बोटं चाटून खायचा. त्याला कुठेही, कधीही, काहीही त्रास झाला नव्हता, आणि म्हणून त्याला सगळं जमण्यासारखं वाटत होतं. ही बाई कुठली आणायची, आडनाव काय बघून आणायची, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ती जुईलीला घेऊन भऱ्याला निघाली. माण, घोटवडे करत रिक्षा हिसके देत चालली होती आणि जुईली भाताच्या खाचरांकडे बोट दाखवून काहीबाही विचारत होती. सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. "चार दिस ऱ्हा, बरं वाटंल," म्हणाल्या होत्या, आणि जुईलीच्या पिशवीत स्वेटर कोंबला होता.

इंदूबाई, उषाची आई, पिरंगुटच्या एका कारखान्यात झाडलोट करायची आणि उरलेल्या वेळात वाट्यानं घेतलेली भातशेती बघायची. तिनं लेकीचं सगळं ऐकलं, चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "हे तुला आत्ता कळलं व्हय?"

"म्हणजे?"

"मी आले की तुजी सासू मला त्या कागदाच्या पेल्यात चा द्यायची. येकदा म्हटलं, पेले सपले असतील. दुसऱ्यांदा म्हटलं, घाई असंल. तिसऱ्यांदा मी चा सोडला आसं सांगितलं. तुला वाटलं, आयेला गोड चालत न्हाई."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू लई खुशीत हुतीस, बाय. माणसं बदलत्यात म्हनत हुतीस." इंदूबाईनं भाकरी जाळाला लावली. "म्हटलं, बदलली नसली तरी हिला तसं वाटतंय तवर वाटू दे."

उषाला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग आईचा आला. सासूला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, झाडलोट करणाऱ्या आईला ठाऊक; त्या सगळ्यांत विज्ञान शिकलेली अशी एकटी तीच होती आणि तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं. तिला वर्गातल्या मुलांची आठवण झाली. फळ्यावर आकडे मांडून ती किती खात्रीनं सांगायची, की न्यूट्रॉननं नाव बदलत नाही. नाव बदलत नाही हे खरंच होतं. पण त्याच चार न्यूट्रॉनपायी माणसं त्याला शिशाच्या डबीत ठेवतात, लांबून चिमट्यानं उचलतात, हे ती धड्याच्या शेवटी, उपयोग म्हणून, दोन ओळींत उरकायची.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. दिवाळीनंतर ती भऱ्याहूनच कॉलेजला जाऊ लागली. आवाज अजून घोगरा होता, मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता. मुलं कधी नव्हे ती शांत बसायची. जयसिंग रविवारी यायचा, तिच्या हातचं जेवायचा, कुठल्या तरी स्वयंपाकाच्या बाईचं सांगायचा. जूनमध्ये जुईलीचं नाव पिरंगुटच्या शाळेत घालायचं, असं उषानं त्याला सांगून टाकलं. त्यावर तो "बघू" म्हणाला, आणि पुढच्या रविवारी आईला घेऊन आला.

लग्नानंतरच्या सात वर्षांत सासूबाईंनी या घराचा उंबरा पाहिला नव्हता. त्या ओट्यावर टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. जयसिंग लांब, गाडीशी, मोबाइल कानाला लावून उभा राहिला. इंदूबाई आतून आली आणि म्हणाली, "बसा. चा इचारत न्हाई. तुमची उगं पंचाइत नगं."

सासूबाईंनी मान खाली घातली. पिशवीतून डबा काढून त्यांनी उषासमोर धरला. "लाडू केल्यात बेसनाचं. किती बारीक झालीस गं. घरी चल. पोरीबिगर घर खायला उठतंय."

उषानं डबा घेतला नाही. हे बोलायचं तिनं किती दिवस मनात घोळवलं होतं. "आई, आत गरम भाकरी आहे, मी केलेली. तुम्ही अर्धी खा. इथे बसून, माझ्यासमोर. मी लगेच पिशवी भरते."

सासूबाईंनी डबा मांडीवर ठेवला. शेजारच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत होता. आता पित्त येईल, आता उपासाचा वार निघेल, गुडघे दुखतील, असं उषा वाट बघत होती. त्या प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"खोटं न्हाई बोलत तुझ्याशी," सासूबाई म्हणाल्या. "येकदा खाल्ली हुती. तू कालेजला गेल्यावर. रातची उरली हुती डब्यात, तुझ्या हातची. म्हटलं, ही पोर येवढी जीव लावती, बघू तरी. तोंडात घास घोळवला, लई घोळवला. गळ्याखाली उतरंना. न्हाणीत जाऊन ओकले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग तिथंच बसून रडले. कुनाला सांगू? तुझ्यात खोट न्हाई गं काई. माझ्यातच हाय ते, लहानपणापासनं घातलेलं. आता ह्या वयात कसं काढू?"

इंदूबाई दाराला टेकून ऐकत होती. "बरं झालं, खरं बोललात," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

उषाची खोटेपणाशी भांडायची सगळी तयारी वाया गेली. समोर एक थकलेली बाई बसली होती, जिनं आपल्याला जे होतं ते जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि त्यानं काहीही बदलणार नव्हतं. तिला कीव आली आणि त्या कीवेचाच संताप आला. म्हणजे आता हेही आपणच समजून घ्यायचं. "मग डबाही घेऊन जा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सासूबाई उठल्या. डबा छातीशी धरून गाडीकडे चालू लागल्या. जुईली इतका वेळ शेळीच्या पिलामागे पळत होती. आजी निघाली हे पाहून ती "आजी, आजी" करत धावत गेली. गाडीच्या दारात बसून सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं. डबा उघडला. लाडू फोडून तिला भरवला, तोंडाला लागलेलं आपल्या बोटानं निपटून तेही तिच्या तोंडात घातलं. उषा ओट्यावरून बघत होती. जयसिंगनं एकदा इकडे पाहिलं, हात उचलल्यासारखा केला आणि गाडीत बसला. गाडी वळून रस्त्याला लागली.

जुईली मूठ घट्ट मिटून परत आली. "आजीनं तुला दिला," म्हणाली आणि मूठ उघडली. चेपलेला, तळव्याच्या घामानं ओलसर झालेला लाडू. उषा तो शेळीला टाकणार होती. पण मुलगी समोर उभी होती, वर बघत, आई खाते की नाही हे बघत. उषानं लाडू तोंडात टाकला. बेसन खमंग भाजलं होतं, वेलदोडा बेताचा, तूप सढळ हातानं घातलेलं. चांगला झाला होता. तो तिच्या गळ्याखाली सरळ, सहज उतरला.